अक्षरांचं बाळसं

मिरजेत आमच्या गल्लीत एक बालवाचनालय चालतं. चार वर्षांपूर्वी त्याचा बोर्ड मी हाताने रंगवला. सहा फूट बाय दोन फूट प्लाय, पिवळी जमीन आणि त्यावर लाल ऑइल पेंटमध्ये 'बालवाचनालय'. अक्षरं मुद्दामच गुबगुबीत काढली होती, ब अगदी पोट फुगवून बसल्यासारखा. बोर्ड लागला त्याच दिवशी एक चिमुरडी ब ला 'ढेरीवाला' म्हणाली आणि मुलं दिवसभर ते अक्षर बोटाने गिरवत राहिली. नंतर वाचनालयाला दर पंधरवड्याला काहीतरी लागायचं. गोष्टीच्या तासाचं पोस्टर, उन्हाळी शिबिराचा फलक, पुस्तकांच्या कपाटावरच्या पट्ट्या. सगळ्यांना अक्षर तेच हवं असे. हाताने एका पोस्टरला अख्खी दुपार जायची. मी कमर्शियल आर्ट शिकलेली, पुस्तकांची चित्रं काढून पोट भरते. फॉन्ट मात्र कधी केला नव्हता. 'एकदाच कष्ट करू, मग टाइप करत बसू' असा विचार करून मी ते काम हातात घेतलं. त्याला अडीच वर्षं लागली.

पहिले तीन महिने संगणक उघडलाच नाही. बटर पेपर, गोल टोकाचा जाड मार्कर आणि खिडकीची काच, एवढ्यावरच काम. देवनागरीची परंपरागत जाडी-बारीकी तिरक्या कापलेल्या बोरूतून येते. बोरू फिरतो तसा फराटा आपोआप जाड होतो, बारीक होतो. गोल टोकाच्या मार्करला ती समज नाही. तो सगळीकडे सारखाच जाड चालतो, नळीतून पेस्ट काढावी तसा. वाटलं, हे तर सोपं आहे. क काढला, ग काढला, प काढला, सगळे गोड दिसले. मग क्ष काढला आणि मधे काळा गोळा उरला. झ चं तेच झालं, ङ चंही तेच.

मग लक्षात आलं की जाड अक्षर काढताना आपण काळं काढतच नसतो, आत उरणारं पांढरं काढत असतो. क च्या दोन्ही पोटांत किती जागा सोडायची, ब च्या पोटातली तिरकी रेघ किती बारीक केली तर तो ब राहील आणि व होणार नाही, ळ च्या दोन डोळ्यांत तिळाएवढा उजेड कसा ठेवायचा, सगळं काम हेच होतं. बाहेरची गोलाई कुणीही काढेल. मी कागद उलटा धरून, डोळे बारीक करून फक्त पांढऱ्या जागा बघायला लागले. चाचणीसाठी एकच शब्द धरला: 'बाळबोध'. मोडीच्या जोडीला देवनागरीला आपल्याकडे जे जुनं नाव होतं तेच हे, आणि त्या एका शब्दात ब, ळ आणि ध अशी तिन्ही अवघड पोटं एकत्र येतात.

याआधी हे काम इतरांनी उत्तम केलेलं आहे, हे मला माहीत होतं. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मोदक' हा फॉन्ट पहा. सारंग कुलकर्णींनी आधी हाताने काढलेल्या अक्षरांतून तो आला. तो इतका जाड आहे की आतल्या पोकळ्या म्हणजे फक्त बारीक रेघा उरतात, आणि तरीही वाचता येतो. त्यांचाच 'बालू' गोल आणि जाड आहे, पण अंगाने जरा आटोपशीर, आणि देवनागरीबरोबर गुजराती, तमिळ, कन्नड अशा कितीतरी लिप्यांत आहे. दोन्ही मुक्त परवान्याचे असल्यामुळे फाइल उघडून आतले बिंदू बघता येतात. मी कित्येक रात्री 'मोदक'चा ळ मोठा करून नुसता बघत बसले आहे. त्या मंडळींनी आपलं काम असं उघडं ठेवलं नसतं, तर माझ्यासारखीला हे शिकायला दुसरी वाट नव्हती. आणि त्याही आधी कमल शेडगे. नाटकांच्या जाहिरातींतली त्यांची अक्षरं वर्तमानपत्रातून कापून वहीत चिकटवत मी मोठी झाले. नाटक विनोदी की गंभीर हे शीर्षकाच्या वळणावरूनच कळावं, हे मी त्यांच्याकडे बघून शिकले.

रोमन लिपीत अशा गोल जाड अक्षरांचा सगळ्यांना ठाऊक असलेला नमुना म्हणजे शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपर यांचा १९२२चा 'कूपर ब्लॅक'. तो बघून मला थोडा हेवा वाटायचा. त्या अक्षरांना डोक्यावर शिरोरेषा नाही, वर रफार-वेलांटी नाही, खाली उकार नाही. आपल्याकडे प्रत्येक अक्षराला वरचा मजला आहे आणि तळघरही. 'विद्यार्थ्यांची' हा साधा शब्द घ्या. र्थ्यां वर रफार आणि टिंब शेजारीशेजारी, पलीकडे ची ची वेलांटी, आणि हे सगळं जाड. मी रफार सुटा काढला, टिंब सुटं काढलं, दोघं एकमेकांवर आदळले. शेवटी 'र्ं' हे एकच जोड चिन्ह म्हणून नव्याने काढलं, टिंब रफाराच्या कुशीत बसवलं. पहिल्या वेलांटीचंही तसंच. कि ला पुरते ती वेलांटी ष्ट्यि वर टाकली तर अर्ध्यातच संपते. त्यामुळे वेगवेगळ्या रुंदीच्या आठ वेलांट्या कराव्या लागल्या.

संगणकावर आणताना 'ग्लिफ्स' हे फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअर वापरलं. १००० एककांची उभी चौकट, काना १७० जाडीचा, शिरोरेषा १३०ची. हे आकडे असे वेगळे का, तर आडवी रेघ डोळ्याला उभीपेक्षा जाड दिसते. दोन्ही १७० ठेवून बघितलं होतं, तेव्हा अक्षरं डोक्यावर पाटी घेऊन चालल्यासारखी दिसत होती. आतले फराटे त्याहून बारीक, काही ठिकाणी ९०पर्यंत. वाचणाऱ्याला सगळं सारखंच जाड वाटतं, आणि वाटायला हवंही तसंच.

हाताचा लडिवाळपणा टिकवायचा म्हणून सुरुवातीला प्रत्येक काना जरा वाकडा ठेवला होता. एका शब्दात तो फार छान दिसला. पण पूर्ण वाक्य टाइप केल्यावर तोच वाकडेपणा बारा वेळा, त्याच जागी, त्याच कोनात आला, आणि हाताचं अक्षर वाटायच्या ऐवजी रबरी शिक्का मारल्यासारखं वाटायला लागलं. हाताने काढलेल्या अक्षरात प्रत्येक काना वेगळा असतो, फॉन्टमध्ये तोच काना परत परत येतो. मग सगळे काने शांत, सरळ केले आणि खोडकरपणा पोटांत आणि गाठींत घातला. ग ची गाठ जरा लोंबती, म ची गाठ लाडवासारखी, ह ची शेपटी वर वळलेली. आधीचे दोन आठवडे फुकट गेले, पण या निर्णयाचा मला आजही आनंद आहे.

ल आणि श बद्दल मी हट्टी होते. पाकळीचा ल आणि देठाचा श हीच आपली वळणं. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयातही वर्णमालेत तीच धरली आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये ही मराठी वळणं दडवून ठेवलेली असतात. मजकूर मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं तरच ती बाहेर येतात. आता फ्लेक्सच्या दुकानात हे कोण सांगत बसणार? म्हणून माझ्या फॉन्टमध्ये मराठी ल-श पहिल्यापासून समोरच आहेत. ऱ्य-ऱ्हचंही तसंच. कैऱ्या, वऱ्हाड, दऱ्या हे शब्द आपल्या रोजच्या तोंडातले. तो अर्धा र जाड केला की बटाटा होतो. मी तो केळ्यासारखा जरा वाकवला, दोन्ही टोकं निमुळती ठेवली, तेव्हा जमला.

खरी अडचण आली ती शिरोरेषेच्या टोकांची.

गोल फॉन्ट म्हणजे प्रत्येक टोक गोल. पण शिरोरेषा तर अक्षरागणिक तुटते आणि पुढच्या अक्षराला जाऊन भिडते. दोन गोल टोकं एकमेकांना नुसती टेकली की मधे खाच पडते, शब्दाची माळ दिसते. उपाय सापडला तेव्हा मी स्वतःवर फार खूश होते. प्रत्येक शिरोरेषेचं गोल टोक अक्षराच्या हद्दीबाहेर ६५ एककं काढायचं, म्हणजे जाडीच्या निम्मं. शेजारच्या अक्षराची रेघ त्याच्यावर चढते, गोलाई झाकली जाते, शब्द सलग दिसतो. आणि शब्दाच्या सुरुवातीला व शेवटी मात्र छान गोल टोक उरतं. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालणारी, काहीही वेगळं करावं न लागणारी युक्ती.

मुलांसमोर शब्दपट्ट्या ठेवल्या त्या दिवशी ती युक्ती उघडी पडली. पहिली-दुसरीतली चौदा मुलं होती. पहिली पट्टी 'भाऊ'. एका मुलाने मोठ्याने वाचलं, "माऊ!" सगळी हसली, त्याला वाटलं आपलं चुकलं, आणि तो गप्प झाला. चूक त्याची नव्हती. भ आणि म यांच्यात फरक काय? वरची गाठ आणि शिरोरेषेतली फट. माझ्या भ ची गाठ फुगून शिरोरेषेला टेकली होती आणि फट केसाएवढी उरली होती. पुढे 'धार'ची 'घार' झाली. 'मध' तर कुणालाच धड वाचता आला नाही, कारण तिथे म चं बाहेर आलेलं ६५ एककांचं गोल टोक थेट ध च्या फटीत जाऊन बसलं होतं. शब्द सलग करायला काढलेलं टोक नेमकं तिथेच नडलं जिथे आपली लिपी मुद्दाम तुटते. थ चंही तेच, 'थाळी'ची 'याळी'.

मी त्या मुलाजवळ जाऊन बसले. म्हटलं, "तू बरोबर वाचलंस. मी चुकीचं काढलंय." त्याने पट्टी हातात घेऊन नीट निरखली आणि भ च्या डोक्यावर बोट ठेवून म्हणाला, "इथे भोक पाहिजे, ताई."

भोक पाहिजे. पुढचे सहा महिने मी तेच केलं. भ, ध, थ यांच्या डावीकडे ७० एककं जास्तीची जागा सोडली, म्हणजे मागच्या अक्षराचं टोक येऊनही फट मोकळी राहील. गाठी खाली ओढल्या, शिरोरेषेपासून स्पष्ट अंतर ठेवून. गाठीचा आकार लहान केला, आणि इथे माझ्या मनात बरीच ओढाताण झाली, कारण गुबगुबीतपणा सगळा त्या गाठीत होता. पण वाचायला शिकणाऱ्या मुलासमोर ठेवायचं अक्षर आधी वाचता यायला हवं, त्यानंतर ते गोंडस दिसावं. यात मला तडजोड नको होती. ख चीही हीच कथा. डावी बाजू उजव्या पोटाला खालून भिडली नाही तर तो 'रव' दिसतो, म्हणून तिथे उलट फट बुजवली. कुठे फट राखायची आणि कुठे बुजवायची हे प्रत्येक अक्षराला स्वतंत्र विचारावं लागतं.

दुसऱ्या फेरीत 'भाऊ' सगळ्यांनी भाऊ वाचला. 'मध' वाचताना एक मुलगी जराशी थांबली, पण मधच वाचला.

मग फॉन्ट बाहेर पडला, आणि बाहेरचं जग टेबलापेक्षा वेगळं असतं. वाचनालयासाठी कापडी पिशव्या करायच्या होत्या. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याने पहिली पिशवी छापली, अजून ओली असतानाच वर उचलून धरली आणि म्हणाला, "ताई, ळ भरला बघा." शाई कापडात पसरते, आणि माझ्या सगळ्यात लहान पोकळ्या तेव्हा २४ एककांच्या होत्या. ७२ पॉइंटला त्या ०.६ मिलिमीटर भरतात. पडद्यावर ठीक, सुती कापडावर गायब. ळ चे दोन्ही डोळे मिटले होते. परत आले, सगळ्यात लहान पोकळी ४० एककांची केली, म्हणजे त्याच आकाराला जवळजवळ एक मिलिमीटर. अक्षर थोडं हडकलं. पण पिशवीवर शाई पसरून ते आपोआप पुन्हा भरतं, म्हणजे बाळसं शाईने धरायचं आणि मी फक्त त्याला जागा ठेवायची.

रेडियमवाल्याकडे वेगळाच प्रकार. एका ओळखीच्यांच्या रिक्षाच्या मागच्या काचेवर मुलांची नावं हवी होती. प्लॉटर रेडियम कापतो तो अक्षरांच्या कडेकडेने. माझ्या एकमेकांवर चढलेल्या शिरोरेषा डोळ्याला सलग दिसतात, पण मशीनला दोन स्वतंत्र कडा दिसतात. त्याने प्रत्येक जोडाच्या जागी चंद्रकोरीएवढा तुकडा कापला आणि सोलताना ते सगळे तुकडे निघून आले. त्या भल्या माणसाने रागावण्याऐवजी शिकवलं: "मॅडम, कोरलमध्ये आधी वेल्ड मारायचं, सगळं एकजीव होतं, मग कापायचं." तेव्हापासून मी फॉन्ट कुणालाही देताना सोबत हे लिहून देते. फ्लेक्सवाले अक्षराला बाहेरून पांढरी रेघ देतात तेव्हाही हाच घोटाळा होतो, शब्दाच्या मधेमधे पांढरे कंस उमटतात. तिथेही उपाय तोच.

बचत गटाच्या बायकांनी नाचणीच्या लाडवांच्या पाकिटावर तो वापरला, तेव्हा मी फार हरखले होते. दुकानाच्या फळीवर, समोरून, पाच-सात फुटांवरून 'नाचणीचे लाडू' असं काही दिसतं की हात आपसूक तिकडे जातो. पण त्यांनी मागच्या बाजूची घटक-पदार्थांची यादीही त्याच फॉन्टमध्ये, ८ पॉइंटला टाकली होती. गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "पुढचं झकास आहे गं, पण मागचं काय लिहिलंय ते आम्हालाच वाचता येईना." ४० एककांची पोकळी ८ पॉइंटला ०.११ मिलिमीटर होते, छपाईत ती कुठली टिकायला! मागची यादी 'मुक्ता' या साध्या फॉन्टमध्ये करून दिली. माझा फॉन्ट दोन-तीन शब्दांचा आहे. दुकानाची पाटी, पुस्तकाचं मुखपृष्ठ, गोष्टीतला 'धडाम्', बारशाचं आमंत्रण, बरणीवरचं लेबल. परिच्छेदाला तो नको. औषधाच्या सूचनेला, शोकसभेच्या फलकाला तर मुळीच नको. एकांनी श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला वापरायला मागितला होता, मी हात जोडून दुसरा फॉन्ट सुचवला. हसऱ्या अक्षरात दुःख लिहिलं तर ते घरच्या माणसांना बोचतं.

गेल्या जूनमध्ये वाचनालयाची ओळखपत्रं केली. प्रत्येक मुलाचं नाव मोठ्ठं, याच फॉन्टमध्ये. तोवर मला वाटत होतं की जोडाक्षरं पुरेशी झाली आहेत, सातशेच्या वर आकार तयार होते. पण मुलांची नावं म्हणजे जोडाक्षरांची परीक्षाच. ज्ञ, श्व, ष्ण, त्त होते. द्ध राहिला होता. फॉन्टमध्ये जोड आकार नसला की संगणक द चा पाय मोडतो आणि शेजारी ध ठेवतो. ज्या मुलीच्या नावात द्ध आहे ती आपलं कार्ड घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. सात वर्षांची. कार्डावर बोट ठेवून तिने विचारलं, "ताई, सगळ्यांची नावं नीट आहेत. माझ्या नावाचा पाय का मोडलाय?"

ते कार्ड मी तिच्याकडून परत घेतलं. द्ध जाड काढणं कठीण आहे. द च्या पोटाखाली ध लटकवायचा, त्याची फट राखायची, आणि एवढं सगळं एका अक्षराच्या उंचीत बसवायचं. पहिले चार-पाच द्ध काळे गोळे झाले. मग द चं पोट वर सरकवलं, शेपटी पुरती काढून टाकली आणि तिच्याच जागी ध सुरू केला, जसा आपण वहीत घाईने एका फराट्यात लिहितो. चौथ्या दिवशी जमला. माझ्या पूर्ण फॉन्टमधलं ते मला सगळ्यात आवडतं अक्षर आहे, आणि ते त्या मुलीमुळे आहे.

नवीन कार्ड दिलं तेव्हा तिने ते डोळ्यांजवळ धरलं, मग लांब धरलं, मग गळ्यात अडकवलं आणि पुस्तकांच्या कपाटाकडे पळाली. तिच्या मागे रांगेत एक मुलगा होता, त्याच्या नावाची सुरुवात हृ ने होते. त्याने आपलं कार्ड काही न बोलता माझ्यापुढे सरकवलं. घरी येऊन मी हृ काढायला घेतला.